वाकवीचा पहिला दगड

उम्म अल कुवैन
दि. ३ नोव्हेंबर २०२५

श्री. अजीज हसन परकार यांस,

दगडू शिवराम जोगळे याचा नमस्कार. आपल्याकडचा सलामही यातच धरावा. दोन्ही वेगवेगळे लिहावेत इतकी आपली ओळख नवी नाही.

बारा वर्षांनी आपणांस लिहीत आहे, आणि ते आपल्यासाठी नव्हे, वाकवी नदीसाठी लिहीत आहे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

आपण दुबईस चिरंजीव फहद यांच्याकडे राहावयास आला आहात, हे मला आपले जावई अब्रार यांच्याकडून समजले. माझा मुलगा वरद येथील औद्योगिक वसाहतीत अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात मॅनेजर आहे. तो मला अधूनमधून कारखान्यात नेतो. घरी मला करमत नाही म्हणून नव्हे, त्याचा आग्रह असतो म्हणून. मागच्या आठवड्यात तेथे एसी दुरुस्त करावयास एक गृहस्थ आले, तेच हे अब्रार. शिडीवरून माझे बोलणे ऐकून खाली उतरले आणि म्हणाले, "तुम्ही खेरवणचे काय हो?" मी नाव सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "वाकवीच्या अलीकडचे जोगळे? अरे बापरे. अब्बा रोज सकाळी चहाला तुमचं नाव घेतात. चांगलं नाही घेत, पण घेतात."

हे ऐकून मला बरे वाटले असे समजू नये. मी फक्त नोंद घेतली.

आता मुख्य विषय. खेरवणची सरपंच शुभ्रा हिचा वरदच्या मोबाइलवर फोन आला होता. आपल्या सुतारवाडीतील मुलगी, आपण तिला फ्रॉकमध्ये पाहिली असेल. तिने सांगितले की, मे महिन्यात गावाने पोकलेन आणून गाढवकोंडापासून पुलापर्यंत नदीतील सगळा गाळ काढला. गाळ शेतांत पसरला. पावसाळाभर नदी काठ न फोडता वाहिली. आता पाणी उतरू लागले आहे आणि बंधारा घालावयाची वेळ झाली आहे. परंतु बंधाऱ्याचा पहिला दगड ठेवावयास कोणी धजत नाही. दोन्ही काठांवरचे म्हातारे एकत्र बसले आणि एकमुखाने म्हणाले की, तो दगड जोगळे आणि परकार यांनी मिळून ठेवावयाचा असतो. ते येऊ शकत नसतील, तर दोघांनी मिळून, एका तोंडाने, तो मान दुसऱ्या कोणाला द्यावा. तोपर्यंत आम्ही पाण्यात उतरणार नाही आणि आमच्या घरांतूनही कोणी उतरणार नाही.

शुभ्रा मला म्हणाली, "आजोबा, गाळ आम्ही काढला. दगड मात्र आम्हांला कोणी उचलू देत नाही." बंधारा हे चार पोरांचे काम नव्हे, हे आपण जाणता. आणि डिसेंबर अर्धा सरला की अडवावयास पाणीच राहत नाही, हेही जाणता. पाणी अडले नाही, तर मार्चमध्ये आपल्या मोहल्ल्याच्या आणि आमच्या वाडीच्या विहिरी एकदमच तळ दाखवतील. मग गाळ काढला काय आणि न काढला काय, सारखेच.

आपल्यात जो मतभेद झाला, तो पुन्हा लिहिण्याची आवश्यकता नाही. तथापि आपल्या स्मरणात तो चुकीचा राहिला असण्याचा संभव आहे, म्हणून लिहितो. रिवाज असा की, पाणी उतरले की जोगळ्यांनी अलीकडच्या काठावर उभे राहून पलीकडे हाक मारावी, परकारांनी ओ द्यावी, दोघांनी दोन बाजूंनी पाण्यात उतरावे आणि एक दगड दोघांनी धरून मध्यावर ठेवावा. त्या वर्षी आपण हायवेलगत नवीन घर बांधून तेथे राहावयास गेला होता. आपण निरोप धाडला की, तेथे हाक ऐकू येत नाही, तेव्हा फोन करावा. मी उलट निरोप धाडला की, मानाची हाक फोनवर होत नसते. ठरल्या दिवशी मी काठावर येऊन रीतसर हाक मारली. ओ आली नाही. आपण म्हणे त्या वेळी फोनपाशी बसून होता. मी माझ्या जागी होतो, आपण आपल्या जागी नव्हता, हे माझे मत आजही तेच आहे.

असो. आपण या विषयात काय म्हणता ते कळवावे. अब्रार दर आठवड्यास इकडे येतात आणि कागद नेण्यास राजी आहेत. मी फोन करणार नाही. पत्र हा फोन नव्हे, म्हणून लिहिण्यास अडचण वाटली नाही.

आपल्या प्रकृतीस जपावे. रशीदावहिनींस नमस्कार सांगावा. त्यांच्याशी माझा मतभेद नाही.

दगडू शिवराम जोगळे
(निवृत्त शिपाई, माध्यमिक विद्यालय)

उम्म अल कुवैन
दि. १६ नोव्हेंबर २०२५

श्री. अजीज हसन परकार यांस,

आपले उत्तर अब्रार यांच्या तोंडून मिळाले. आपण माझे पत्र दोनदा वाचलेत, घडी घालून उशीखाली ठेवलेत आणि म्हणालात, "हाक काठावरून मारतात ना? मग मारू दे की काठावरून."

हे उत्तर माझ्याच नियमाने मला दिले आहे, हे माझ्या ध्यानात आले. आपण बोटीवर भंडारी म्हणून रांधत होता तेव्हाही कप्तानाला असेच बोलत असाल, म्हणून इतक्या बोटी बदलाव्या लागल्या. येथे वाकवी कोठून आणू? आमच्या खिडकीसमोर खाडी आहे. पाणी हिरवे आणि निश्चल. कांदळाची झाडे आहेत, बगळे आहेत. पाहावयास उत्तम. परंतु तिला पलीकडचा काठ असा नाहीच. पलीकडे समुद्र आहे.

शुभ्राने नदीचे चित्रीकरण पाठविले. वरदची मुलगी इरा हिने ते टीव्हीवर मोठे करून दाखविले. मी पाहत असताना तिने विचारले, "आजोबा, व्हाय आर यू स्टँडिंग?" मी उभा राहिलो होतो हे माझ्या लक्षात आले नव्हते. खाली बसलो.

आपणही ते पाहिले असेल. न पाहिले असल्यास सांगतो. गाळ निघाल्यावर आपल्या मोहल्ल्याच्या बाजूस दगडी पायऱ्या उघड्या पडल्या आहेत. आपल्या आईसाहेब ज्यांवर बसून गोधड्या धूत, त्याच. मला वाटत होते, त्या पुराने वाहून गेल्या. नव्हत्या गेल्या. गाळाखाली जागच्या जागी होत्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर तो खळगाही आहे, ज्यात त्या रिठे भिजत घालीत आणि आपण त्यात बेडूक सोडला होता. मार मात्र मला बसला, कारण पळताना आपण पोहत पलीकडे गेलात आणि मला तेव्हा पोहता येत नव्हते.

वरदला मी नदीची सगळी हकिकत सांगितली. पूर्वी वाकवीत पाच कोंड, म्हणजे खोल डोह, होते आणि प्रत्येकाचा तळ वेगळा होता. मगरकोंडात मगर कोणी पाहिली नव्हती, तरी तेथे पोहावयास कोणी जात नसे. पावसाच्या सुरुवातीस समुद्राकडून मासे चढून वर येत, कारण आपला बंधारा पहिल्या पुरातच वाहून जाई आणि त्यांना वाट मोकळी होई. वरद म्हणाला, "बाबा, दरवर्षी वाहून जाणारा बंधारा दरवर्षी बांधायचा? एकदाच काँक्रीटचा का नाही घातला?" मी त्यास सांगितले की, वाहून जाणे हाही त्याच्या कामाचा भाग आहे. नंतर डोंगरावर कलमांसाठी उतार साफ झाले, रस्ता रुंद झाला, सगळी माती खाली आली. दरवर्षी बंधारा घालताना गावाचे पाय नदीत पडत होते, तोपर्यंत गाळ थोडाथोडा उपसला जाई. बंधारा थांबला तसा तोही थांबला. मग नळ आला आणि नदीकडे कोणी पाहिनासे झाले. वरदने विचारले, बंधारा का थांबला? मी म्हणालो, तांत्रिक कारण.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार केला. लिहितो. माझी पत्नी शोभना वारली, त्या दिवसांत आमच्याकडे नळाला पाणी नव्हते. घरात शंभर माणूस. सकाळी ओटीवर पाण्याने भरलेले पिंप होते आणि दुपारी पुन्हा भरलेले होते. कोणी भरले, हे मी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. मोहल्ल्याकडून येणाऱ्या पायवाटेवर पाणी सांडल्याची ओल मात्र दिवसभर होती.

आपण प्रत्यक्ष आला नाहीत. तेही मी पाहिले.

शुभ्रा कळविते की, पाणी रोज बोटाबोटाने कमी होत आहे. आपण विचार करावा. मी दोन वेळा वरदबरोबर दुबईत रास अल खोरला भाजीच्या घाऊक बाजारात गेलो होतो. आमच्या येथे भेंडी चांगली मिळत नाही. आपल्या फहदचे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान त्याच रस्त्यावर आहे, हे वरदने सहज दाखविले. आपण आत होता की नाही, हे मी पाहिले नाही.

कळावे.

दगडू शिवराम जोगळे

उम्म अल कुवैन
दि. ३ डिसेंबर २०२५

श्री. अजीज हसन परकार यांस,

माझ्या मागील पत्रास आपल्याकडून उत्तर नाही. अब्रार म्हणाले, "अब्बांनी वाचलं आणि गच्चीवर जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत." आपल्या वयास उपाशी राहणे बरे नव्हे. पायऱ्यांविषयी लिहावयास नको होते, असे वाटल्यास तसे कळवावे. यापुढे पायऱ्यांविषयी लिहिणार नाही.

येथील राष्ट्रीय दिनाची सुट्टी होती. वरद आम्हां सर्वांस मोटारीने डोंगरांकडे घेऊन गेला. एका उजाड घळीत धरण आहे. चांगली लांब, घोटीव भिंत. मी हौसेने चढून वर गेलो आणि पलीकडे पाहिले, तर पाण्याचा थेंब नाही. तडकलेली माती आणि चरणाऱ्या शेळ्या. सून संपदा म्हणाली, "अहो बाबा, इथे पाऊस येतो कधीतरी. आला की हे अडवतात, जमिनीत मुरवतात, खालच्या विहिरींना मिळतं."

तेथे आपल्या वयाचा एक अरब गृहस्थ खजुराच्या झाडाखाली बसला होता. त्याने आम्हांस बोलावून कॉफी दिली. हिंदी उत्तम बोलत होता. पूर्वी त्याच्याकडे आपल्या कोकणातले लोक कामाला होते म्हणे. मी त्यास विचारले, पाणी कधी येते? तो म्हणाला, "कभी दो साल में एक बार. इन्शाल्ला आएगा." मी विचारले, आणि तोपर्यंत? तो म्हणाला, "तब तक दीवार ठीक रखते हैं."

परतीच्या वाटेवर इराने मला विचारले की, मी इतका गप्प का आहे. मी तिला उत्तर दिले नाही. आपणांस देतो. येथे माणसे न आलेल्या पाण्यासाठी भिंत सांभाळून बसली आहेत. आणि आपले पाणी बारा वर्षे समोरून चालले आहे.

हे कोणाची चूक म्हणून लिहिलेले नाही. माझे मत मी पहिल्या पत्रात लिहिले आहे आणि त्यात बदल नाही.

शुभ्राचा काल पुन्हा फोन होता. येत्या रविवारी सकाळी म्हातारे काठावर बसणार आहेत. त्या दिवशी निर्णय झाला नाही, तर यंदाचा बंधारा राहिला. तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला सोपे गेले असते.

मी काय करावयाचे, ते ठरविले आहे. ते येथे लिहीत नाही.

दगडू शिवराम जोगळे

उम्म अल कुवैन
दि. ८ डिसेंबर २०२५

अजीजभाई यांस,

कालच्या रविवारी जे झाले, त्याची आपल्या बाजूची अर्धी हकिकत मला घरी आल्यावर समजली. माझ्या बाजूची अर्धी आपणांस ठाऊक नसणार. दोन्ही अर्ध्या एका ठिकाणी असाव्यात, म्हणून लिहून ठेवतो.

सकाळी मी वरदला म्हणालो, भेंडी संपली आहे. तो किल्ली घेऊन निघाला. भाजीचा बाजार आला, गेला. त्याने मोटार सरळ आपल्या इमारतीखाली उभी केली. मुलगा बापाइतका अडाणी नाही.

दार रशीदावहिनींनी उघडले. त्यांनी मला ओळखले. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "दगडूभाऊ, तुम्ही इथे? आणि ते तर तिकडे गेले."

मी विचारले, कोठे?

"उम्म अल कुवैनला. अब्रारला सकाळीच उठवलं. म्हणाले, तिथे मासळी ताजी मिळते."

अजीजभाई, मी आपणांस चाळीस वर्षे मासळी विकत घेताना पाहिले आहे. आपण घराबाहेर पाऊल न टाकता दारावरच्या बाईशी भांडून मासळी घेणारे. परंतु भेंडीच्या बाबतीत मी बोलण्याच्या जागी नव्हतो.

फहद म्हणाला, "चाचा, आत्ता फोन लावतो ना. अब्बांना सांगतो थांबा, तुम्हाला सोडतो तिकडे. दो मिनट का काम है." मी म्हणालो, फोन नको. माणूस घरी आल्यावर फोनवर बोलणे बरे दिसत नाही. तो वरदकडे पाहू लागला आणि वरद त्याच्याकडे. ती दोन्ही मुले त्यापूर्वी कधी भेटली नव्हती, परंतु त्या क्षणी त्यांची जन्माची ओळख झाली.

त्याच वेळी संपदाचा वरदला फोन आला. तिचा आवाज मला ऐकू येत होता. "अहो, इथे एक आजोबा आलेत. बाबांच्या खुर्चीत बसलेत. पाणी प्यायले, चहा प्यायले, आणि म्हणतायत जोगळे आल्याशिवाय उठणार नाही. फोन देऊ का म्हटलं तर नको म्हणाले."

म्हणजे आपण माझ्या खुर्चीत आणि मी आपल्या. आपल्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, तो दुरुस्त करून घ्यावा.

मी निघालो असतो, तर आपणही निघाला असता आणि आपण पुन्हा रस्त्यात चुकलो असतो. ही भीती मी वरदला बोलून दाखविली. तो म्हणाला, "म्हणूनच जगात फोन आहेत, बाबा." मी तेथेच थांबलो. वहिनींनी घावने केली. नारळाचा रस होता. फहद दुकान सोडून माझ्यापाशी बसून राहिला. आपण त्यास माझ्याविषयी काय काय सांगितले आहे, ते त्याने मला सांगितले. त्यातील पोहण्याची स्पर्धा मी हरलो होतो, हे खरे नाही.

आपल्या बाजूचे मला इराने सांगितले. तिने आपणांस विचारले, "आर यू आजोबाज फ्रेंड?" आणि आपण म्हणालात, "ते आज ठरायचं आहे." नंतर आपण तिला पाच कोंडांची नावे पाठ करून घेतलीत. ती आता घरभर म्हणत फिरते. मगरकोंडात आपण मगर पाहिली, असेही आपण तिला सांगितले आहे. त्याबद्दल समक्ष बोलू.

मग शुभ्राचा फोन आला. वरदने काय केले मला समजले नाही, परंतु एकाच फोनात गाव, आपण आणि मी असे तिघेही आलो. म्हणजे फोन झालाच. माझा नियम मोडला, तो मुलाने मोडला, अशी मी माझी समजूत घातली आहे. पाण्याचा आवाज येत होता. गावातील म्हातारे काठावरच बसले होते. शुभ्राने सांगितले की, म्हातारे म्हणतात, दोन्ही घरांतले पुरुष मुंबईस आहेत, कोणी येत नाही, तर यंदा राहू द्यावे. ती म्हणाली की, मे महिन्यापासून ती स्वतः आणि परकारांच्या घरची, आपल्या भावाची मुलगी फिरदोस या दोघी गाळात उभ्या आहेत, त्या दगड उचलावयास तयार आहेत. तेव्हा मागून कोणी म्हातारा बोलला, आवाजावरून आमच्याच वाडीचा, "पोरींनी गाळ काढला ते ठीक. मान बाईच्या हाती जात नाही."

मी म्हणालो, "का?"

त्याच वेळी फोनातून आपण म्हणालात, "कोणी सांगितलं?" आणि त्यापुढे आपण जे बोललात ते बोटीवरचे होते.

मी म्हणालो, "अजीज, शिव्या नको. मुली ऐकताहेत."

आपण म्हणालात, "मग तू बोल. तुला जमतं ते कागदी बोलणं. माझा हात आहे त्यात."

बारा वर्षांनी आपल्यात झालेले संभाषण ते इतकेच. मी उभा राहिलो. वहिनीही उभ्या राहिल्या. मी म्हणालो की, जोगळ्यांच्या घराचा मान शुभ्राला आणि परकारांच्या घराचा मान फिरदोसला, असा आम्ही दोघांनी मिळून, एका तोंडाने दिला आहे. तो आजपासून त्यांचा आहे, पुढे कोणाला द्यावयाचा ते त्याच ठरवतील. ज्यांना मान्य नसेल, त्यांनी बंधाऱ्याच्या पाण्यावर वाढलेली भाजी खाऊ नये.

आपण म्हणालात, "कबूल."

 थोड्या वेळाने शुभ्रा म्हणाली, "आजोबा, ते सगळे उठून दगड बघायला गेलेत."

त्यानंतर मी निघालो. आपणही निघालात. वाटेत अल्पोपाहारासाठी वरद थांबला होता, तेवढ्यात आपली गाडी समोरून निघून गेली असणार. मी घरी आलो तर खुर्ची रिकामी होती. संपदा म्हणाली, "आत्ताच गेले हो. इतकं थांबा म्हटलं."

भेंडी आणावयाची राहिली. आपणही मासळी नेली नाही, असे समजते.

दगडू

उम्म अल कुवैन
दि. १५ डिसेंबर २०२५

अजीज यास,

काल बंधारा झाला. तू पाहिलेच असशील. फहदने तुला मोठ्या पडद्यावर दाखविले असेल आणि तू पडद्याजवळ जाऊन कोणाला तरी ओरडत असशील. मीही ओरडत होतो. इरा म्हणाली, "दे कान्ट हिअर यू." मला ते ठाऊक होते.

शुभ्रा आमच्या बाजूने उतरली आणि फिरदोस तुमच्या पायऱ्यांवरून. पायऱ्यांविषयी लिहिणार नाही असे मी म्हणालो होतो, परंतु त्याला इलाज नाही, ती तेथूनच उतरली. दगड मोठा निवडला होता. मध्यावर येताना फिरदोसचा पाय घसरला, ती कमरेपर्यंत भिजली आणि हसत सुटली. तिचे पाहून शुभ्राही हसू लागली. दगड हातांत आणि दोघी हसतात. तू आणि मी उतरत होतो, तेव्हा तोंड असे करीत असू की जणू मयताला आलो आहोत. तेव्हा आपणांस वाटे, मान असाच सांभाळावयाचा असतो.

दगड बसला, तसे सगळे पाण्यात. "मान बाईच्या हाती जात नाही" म्हणणारा म्हातारा मी ओळखला. चिखल तुडवण्यात तोच सगळ्यांत पुढे होता. पाल्याचा थर नीट दाबला. चिकणमाती मात्र तुमच्या बाजूस पातळ झाली आहे आणि तेथून पाणी झिरपते. शुभ्राला तसे मी कळविले. ती म्हणाली, "आजोबा, थोडं झिरपू दे. पुलाच्या खालीही गाव आहे." मुलगी शिकलेली आहे, परंतु हे तिला कोणी शिकविलेले नसावे.

संध्याकाळपर्यंत पाणी आमच्याकडच्या जांभळापर्यंत चढले. मुले उड्या मारीत होती. आज सकाळी शुभ्राने कळविले की, तुमच्या मोहल्ल्याच्या मशिदीच्या विहिरीला रात्रीतून हातभर पाणी वाढले. वाडीच्या विहिरीला अद्याप नाही. याचे कारण तुमच्या बाजूचा पाझर, दुसरे काही नाही, यात तू मोठेपणा मानू नयेस.

अब्रार सांगत होते की, महिनाअखेरीस तू आणि वहिनी खेरवणला परत जाणार. तिकिटे झाली. डॉक्टरांनी मला विमानाचा प्रवास तूर्त बंद सांगितला आहे. छातीचे काही आहे, मोठे नाही. वरद आणि संपदा याविषयी मागे दार लावून बोलतात. मी पाहिले नसल्याचे दाखवितो. तेव्हा यंदा पाणी तू पाहशील, मी नाही. याचे मला वाईट वाटते असे मी कोणापाशी बोललो नाही. तुझ्यापाशीही हे लिहिलेले नाही असे समज.

तू गेलास की रोज संध्याकाळी काठावर जा. आमच्या बाजूने जा, तिकडून झिरपण नीट दिसते. माती टाकावी लागली, तर फिरदोसला सांग, स्वतः वाकू नकोस. आणि मला सांगत जा. फोनवर सांगितलेस तरी चालेल. मी उचलीन.

पण त्याआधी येता रविवार मध्ये आहे. गेल्या वेळेसारखे होऊ नये, म्हणून आधीच स्पष्ट लिहितो. भेंडी नको, मासळी नको, काही कारण नको. रविवारी तू घरातून हलू नकोस. मी येतो आहे.

तुझा
दगडू